पॉडकास्ट आधी ऐकता येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॉडकास्टच्या वाढत्या प्रसाराविषयी गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पुण्यातील महाविद्यालये, रुग्णालये, प्रकाशक आणि स्वयंसेवी संस्था आपले काम लोकांपर्यंत नेण्यासाठी या माध्यमाकडे वळू लागल्या आहेत, हे लेखात सविस्तर आले आहे आणि ते खरेही आहे. मात्र लेखासोबतच्या चारही छायाचित्रांत दोन गुबगुबीत खुर्च्या, तोंडासमोर दोन माइक, मागे रंगीत दिव्यांची पाटी आणि पुढ्यात कॅमेरे एवढेच दिसत होते. माझी तक्रार नेमकी या दृश्याबद्दल आहे. मी निवृत्त शिक्षिका असून गेली नऊ वर्षे अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. त्यामुळे ज्यांचे सारे काम कानांवर चालते त्यांची अडचण मी रोज पाहते, आणि सध्या पॉडकास्ट म्हणून जे तयार होते त्यातले बरेचसे या माणसांसाठी नसतेच, असे मला वाटते.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधील ‘गार्डियन’ या दैनिकात बेन हॅमर्स्ली यांनी प्रथम वापरला. त्यातला ‘पॉड’ अ‍ॅपलच्या आयपॉडचा आणि उरलेला भाग प्रसारणासाठीच्या इंग्रजी शब्दाचा. नावापेक्षा त्यामागची व्यवस्था अधिक महत्त्वाची आहे. संस्था नवा भाग इंटरनेटवर ठेवते आणि त्याची नोंद आपल्या फीडमध्ये, म्हणजे अ‍ॅपला वाचता येणाऱ्या भागांच्या यादीत, करते. श्रोत्याच्या फोनमधले अ‍ॅप ती नोंद वाचून भाग उतरवून ठेवते, आणि मग ताम्हिणी घाटात नेटवर्क गेले तरी ऐकण्यात खंड पडत नाही. हे फीड खुले असते. ते कोणत्याही अ‍ॅपमध्ये जोडता येते. गूगलने २०२४ मध्ये आपले पॉडकास्ट अ‍ॅप बंद केले, तेव्हा त्यावर ऐकणाऱ्यांनी तीच फीड दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेली आणि पुढचा भाग ऐकला. जी संस्था आपले सारे बोलणे एखाद्या व्हिडिओ चॅनेलवरच चढवते, तिला अशी सोय नाही. तो चॅनेल उद्या काही कारणाने बंद पडला, तर तिला आपले श्रोते पुन्हा पहिल्यापासून गोळा करावे लागतील.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी सकाळपासून पाच घरी जातात. परातीशेजारी ओट्यावर त्यांचा फोन असतो आणि त्यावर कधी कीर्तन, कधी मधुमेहावरची मुलाखत चालू असते. पिठाच्या हातांनी त्या पडद्याकडे पाहणार तरी कशा? तरीही पडदा चालू ठेवणे त्यांना भाग आहे, कारण यूट्यूबच्या फुकट सेवेत फोन लॉक केला की आवाजही थांबतो. चित्र कोणीच पाहत नाही, पण त्याचा डेटा जातो, बॅटरी जाते आणि तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत दिवसाचा डेटा संपल्याचा संदेश येतो. नुसते बोलणे असलेला तासाभराचा भाग ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) दराने मुद्रित केला, तर त्याचा आकार साधारण २९ एमबी होतो. तेवढ्याच वेळाच्या मध्यम दर्जाच्या व्हिडिओला काही शे एमबी सहज लागतात. लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी पॉडकास्ट करतो असे सांगणाऱ्या संस्थांनी हा हिशेब एकदा मावशींच्या बाजूने मांडून पाहावा. रिक्षाचालक, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, कात्रजहून हिंजवडीला बसने जाणारी मुले यांचाही हिशेब याहून फार वेगळा निघणार नाही.

आपल्याकडे या माध्यमाला मोल येण्याचे आणखी एक कारण आहे, आणि लेखात ते यायला हवे होते. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरीही खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा आजवर मिळालेली नाही, त्यांना आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवावी लागतात. सामुदायिक रेडिओची दारे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना उघडली खरी, पण परवान्याची वाट लांबची आणि प्रक्षेपकाची ताकद १०० वॅटच्या घरातली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही सामुदायिक वाहिनी १०७.४ वर लावावी, तर शहराबाहेर थोडे दूर गेले की खरखर सुरू होते. पॉडकास्टला ना परवाना लागतो ना मनोरा. पुण्यात गणेशखिंडीत बोललेले त्याच संध्याकाळी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला ऐकता येते. एवढी मोकळीक हाती आली असताना तिचा उपयोग आपण मुख्यतः नामवंतांच्या दोन-दोन तासांच्या गप्पांसाठी करतो आहोत.

वास्तविक पुण्याला बोलण्याची आणि ऐकण्याची केवढी मोठी परंपरा आहे! न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी होत आलेल्या व्याख्यानांना माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी हजेरी लावली आहे. पेठापेठांत आणि उपनगरांत वर्षभर चालणाऱ्या व्याख्यानमाला तर मोजता येणार नाहीत. हे सारे ध्वनिरूपात नीट साठवले, तर मराठीत ज्ञानाचे केवढे भांडार उभे राहील. पण ‘नीट’ या शब्दावर मला थोडे थांबायचे आहे.

मध्यंतरी एका व्याख्यानमालेचे ‘पॉडकास्ट’ माझ्या एका अंध विद्यार्थ्याला पाठवले. विषय भूजलाचा आणि वक्ते उत्तम. आरंभीची अठरा मिनिटे दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय आणि सत्कारात गेली. टाळ्या कशासाठी पडताहेत हे त्याला कळेना, आणि शाल-श्रीफळ ऐकायचे तरी कसे? पुढे माइक सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात असावा, कारण वक्त्यांच्या आवाजापेक्षा पंख्याचा आणि खोकल्यांचा आवाज मोठा होता. ज्या भागासाठी मी ते पाठवले होते, तेथे वक्ते म्हणाले, ‘ही निळी रेघ बघा, म्हणजे सगळे लक्षात येईल.’ त्याने मला फोन करून विचारले, ‘बाई, निळी रेघ वर जाते की खाली?’ त्यात संस्थेचा वाईट हेतू नव्हता. सभागृहात बसलेल्यांपलीकडे कोणी ऐकणार आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. वक्त्याच्या कॉलरला एक साधा माइक लावावा, सत्कार कापून टाकावा आणि आकृती शब्दांत सांगण्याची विनंती वक्त्यांना आधीच करावी, एवढ्याने पुष्कळ काम होते. आम्ही घरी कपाटातल्या कपड्यांसमोर बसून वाचतो. आवाज घुमत नाही आणि त्यासाठी स्टुडिओचे भाडेही भरावे लागत नाही.

आता दुसरी बाजू. पॉडकास्ट हे आज माहितीचे साधन आहे, तसेच प्रचाराचेही आहे. सर्वच पक्षांच्या नेत्यांना पत्रकार परिषदेतल्या उलटप्रश्नांपेक्षा आपुलकीने विचारणारा होस्ट सोयीचा वाटू लागला आहे. पंतप्रधानांनीही जानेवारी २०२५ मध्ये उद्योजक निखिल कामत यांच्या पॉडकास्टवर दीर्घ मुलाखत दिली. लांबलचक गप्पांतून माणूस उलगडतो हे मला मान्य आहे, पण खोडून काढणारा कोणी समोर नसला की चुकीचे विधानही तितक्याच ऐटीत उलगडत जाते. वैद्यकीय विषयांत तर हे फारच जपावे. आमच्या सोसायटीतील एका आजोबांनी गुडघेदुखीवरचा एक भाग ऐकून चालू औषधे परस्पर थांबवली. त्या भागाचा खर्च ज्यांची उत्पादने त्यात सुचवली होती त्यांनीच केला होता, हे नंतर कळले. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनासाठी असलेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, मोबदला घेऊन केलेल्या ध्वनिरूप मजकुरात तसे आरंभी, शेवटी आणि मधल्या प्रत्येक विश्रांतीच्या आधी व नंतर बोलून सांगितले पाहिजे. मी ऐकते त्या मराठी पॉडकास्टांत असे उच्चारून सांगणारे मला क्वचितच आढळले. व्हिडिओखालच्या बारीक मजकुरात ते लिहिलेले असते, पण तो मजकूर मावशी वाचणार नाहीत आणि माझा विद्यार्थी तर शोधतच राहील.

या साऱ्यात आपल्यासारख्या दैनिकाला करता येण्याजोगे एक काम आहे. पूर्वी वृत्तपत्रांत आकाशवाणीचे आजचे कार्यक्रम छापून येत, आणि माझे वडील त्यातल्या एखाद्या भाषणाखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवत. तसेच आठवड्यातून एकदा मराठीतल्या ऐकण्याजोग्या पाच-सहा भागांची दखल आपण का घेऊ नये? नुसती यादी नको. पुस्तकाचे परीक्षण येते तसे परखड परीक्षण हवे. विषय काय, बोलणाऱ्याचा अधिकार काय, खर्च कोणाचा, केवळ ध्वनिरूपात तो भाग कोठे मिळतो, लिखित संहिता उपलब्ध आहे की नाही, आवाज स्वच्छ आहे की नाही, एवढे त्यात यावे. आपल्या दैनिकाचा स्वतःचा पॉडकास्टही सध्या केवळ व्हिडिओरूपातच मिळतो, हे या निमित्ताने नमूद करते. त्याचे फीड सुरू झाले, तर पत्ता जरूर छापावा. तो मी मावशींच्या फोनमध्ये स्वतः जोडून देईन.

आपली,
एक वाचक,
कर्वेनगर, पुणे