जुन्या खेळाडूंच्या आठवणींना जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१३ डिसेंबर हा इंग्लंडमध्ये खेळलेल्या जुन्या गोलकीपरचा, आर्थर व्हॉर्टनचा स्मृतिदिन. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून हे पत्र. मी कोल्हापुरात तालमीच्या संघातून बारा वर्षं गोलकीपर म्हणून खेळलो. त्यामुळे दोन खांबांमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल मला जरा जास्तच माया आहे.

व्हॉर्टनचा जन्म १८६५चा, आजच्या घानामधल्या आक्रा शहरातला. मिशनरी व्हायचं म्हणून १८८२मध्ये तो इंग्लंडला शिकायला आला आणि मैदानात रमला. डार्लिंग्टनच्या संघात तो गोलकीपर होता आणि धावायचा तर वाऱ्यासारखा. १८८६मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर राष्ट्रीय स्पर्धेत त्याने १०० यार्डांचं अंतर १० सेकंदांत कापलं. काळा म्हणून ज्याच्याकडे लोक वळून बघत, तो मुलगा त्या दिवशी सगळ्या इंग्लंडच्या पुढे होता.

फुटबॉलमध्ये तेव्हा नुकतंच सगळं बदलत होतं. गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या पोरांना मजुरी बुडवून खेळायला जाणं परवडत नसे, म्हणून क्लब त्यांना गुपचूप पैसे देत. १८८५मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) पैसे घेऊन खेळायला रीतसर परवानगी दिली. व्हॉर्टन प्रेस्टन नॉर्थ एंडकडून १८८७च्या एफए कपच्या, म्हणजे असोसिएशनच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेला, पण धावण्याच्या शर्यतींसाठी त्याने तो संघ सोडला. पुढे १८८८-८९च्या मोसमात प्रेस्टनने एकही सामना न हरता लीग आणि कप दोन्ही जिंकले. तो थांबला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. १८८९मध्ये रॉदरहॅम टाउनकडून तो पगारी खेळाडू झाला. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू अशी त्याची ओळख आहे. १८९४मध्ये शेफिल्ड युनायटेडने त्याला घेतलं, पण तिथे आधीपासून असलेल्या अगडबंब गोलकीपर विल्यम फूकपुढे त्याची डाळ शिजली नाही. तरी १८९५मध्ये संडरलंडविरुद्ध तो पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या सर्वांत वरच्या गटात, खेळला. १९०२मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीकडे त्याची कारकीर्द संपली.

त्या काळी फॉरवर्ड गोलकीपरला खांद्याने रेटून चेंडूसकट गोलमध्ये ढकलत आणि ते नियमात बसत असे. हे लक्षात ठेवून पुढचा प्रसंग वाचावा. १९४२मध्ये शेफिल्डच्या एका वर्तमानपत्रात एका वाचकाचं पत्र आलं. रॉदरहॅम आणि शेफिल्ड वेन्सडे यांच्या सामन्यात त्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्याने लिहिली होती: व्हॉर्टनने उडी मारून आडवा बार धरला, लोंबकळत चेंडू दोन्ही पायांत पकडला, आणि अंगावर धावून आलेले तीन फॉरवर्ड त्याच्याऐवजी स्वतःच जाळ्यात जाऊन पडले. पन्नासहून अधिक वर्षं फुटबॉल बघतोय, पण असा बचाव पुन्हा पाहिला नाही, असंही त्या वाचकाने लिहिलं होतं.

ते पत्र वाचायला व्हॉर्टन नव्हता. खेळ सुटल्यावर तो डॉनकास्टरजवळच्या एडलिंग्टनला कोळशाच्या खाणीत मजूर झाला आणि १९३०मध्ये वारला. थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. वर्णद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या शेफिल्डच्या कार्यकर्त्यांनी खटपट केली, तेव्हा कुठे १९९७मध्ये तो दगड बसला. २००३मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं आणि २०१४मध्ये सेंट जॉर्जेस पार्क या इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात पुतळा उभा राहिला. पण तो बारला लोंबकळलेला क्षण आज आपल्याला दिसतो तो त्या वाचकाच्या पत्रामुळे. पुतळ्यातून तो कळला नसता.

म्हणून एक विनंती आहे. शाहू स्टेडियमवर ज्यांनी पेठापेठांतली माणसं वेडी केली, त्या जुन्या खेळाडूंचं लेखी फार थोडं उरलंय. जे आहे ते कट्ट्यावरच्या बोलण्यात आहे, आणि बोलणारे एकेक करून चाललेत. आठवड्यातून एकदा, क्रीडा पानावर अर्धा कॉलम का होईना, वाचकांनी पाठवलेल्या अशा आठवणींसाठी ठेवा. आमच्या गल्लीतले एक जुने गोलकीपर आता ऐंशीच्या पुढे आहेत. हात थरथरतो, त्यांना लिहिता येत नाही. त्यांच्यापाशी बसून मी लिहून घेईन.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर