कझायातला 'या' देवाचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत बायबलमधल्या कमी ऐकू येणाऱ्या नावांवर मजकूर आला होता, त्यात 'कझाया'च्या शेवटचा 'या' म्हणजे देवाचं नाव असं छापलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या नातीचं नाव हेच आहे, आणि तिला कुणी चुकीचा अर्थ सांगितलेला मला चालत नाही.

यशया, यिर्मया या नावांतला 'या' यहोवाचाच, म्हणजे देवाच्या हिब्रू नावाचा, ते बरोबर. पण कझायाचं तसं नाही. हिब्रूत हे नाव कोफ, त्सादे, योद, आयिन, 'हे' अशा पाच अक्षरांत लिहितात, आणि देवाच्या नावातली योद आणि 'हे' ही अक्षरं इथं शेजारी नाहीतच, मधे आयिन बसलंय. मूळ उच्चार 'कत्सीआ'च्या जवळ जातो, मराठी बायबलात कसीया आहे, कझाया हे इंग्रजी वळण.

अर्थ म्हणाल तर दालचिनीच्या जातीतल्या झाडाची सुगंधी साल. खरवडणे या अर्थाच्या हिब्रू धातूशी शब्दाचं नातं लावतात, तोच धातू बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात घराच्या भिंती खरवडायला सांगितल्यात तिथं येतो. साल पण तशीच निघते ना, वरचा खरखरीत थर खरवडायचा, आतली सोलायची, मग वाळताना ती आपोआप कडेनं गुंडाळत जाते, मोडली की कडकन आवाज होतो आणि वास बोटांना कितीतरी वेळ राहतो. 45व्या स्तोत्रात राजाच्या कपड्यांना गंधरसाबरोबर हिचाच वास आहे. हाच शब्द पुढं ग्रीकमधून लॅटिनमध्ये कॅसिया म्हणून गेला. आणि बहाव्याच्या शास्त्रीय नावात पण कॅसिया आहे म्हणून काहीजण या नावाचा अर्थ 'पिवळ्या फुलांचं झाड' असा सांगतात, तोही चूकच, ते झाड वेगळं.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. हे नाव बायबलमध्ये एकाच ठिकाणी येतं, ईयोबाच्या पुस्तकाच्या 42व्या म्हणजे शेवटच्या अध्यायात. सगळं गमावलेल्या त्या माणसाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात, आणि लिहिणाऱ्यानं सातांपैकी एकाही मुलाचं नाव दिलेलं नाही, नावं फक्त मुलींची, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. यमीमाचा अर्थ बहुतेक जण कबुतर करतात, तिसरीचा सरळ अर्थ डोळ्यात घालायच्या सुरम्याचं शिंग, म्हणजे सुरमा ठेवायची शिंगाची डबी. दुःखाच्या दिवसांत राखेत बसून खापरीनं अंग खाजवणाऱ्या बापानं मुलींना सुगंधाची आणि सुरम्याची नावं ठेवली, हे मी कितीदा वाचलं तरी भरून येतं. आणि पुढच्याच ओळीत आहे की त्यानं त्यांना भावांबरोबर वारसा दिला. बायबलमधल्याच गणना या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात सलाफहादाच्या मुलींना वतन मिळालं, पण त्यांना भाऊच नव्हता, आणि नियमही मुलगा नसेल तरच मुलीला असाच झाला. इथं सात भाऊ समोर असताना मुलींना वाटा आहे, आणि तुमच्या मजकुरात याबद्दल एक ओळ नाही, याचं वाईट वाटलं.

जागा कमी असेल तर माझं बाकीचं कापा, पण 'या'ची दुरुस्ती आणि वारशाची गोष्ट एवढं तरी छापा, कात्रण मला नातीसाठी ठेवायचंय.

आपली,
एक जुनी वाचक