‘नवशिक्यांसाठी’ असलेल्या जनुकीय डेटा वर्गाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘आर’ (आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणक भाषा) व जनुकीय डेटा विश्लेषण वर्गातील सदोष अध्यापन

महोदय,

आपल्या नागपूर येथील धरमपेठ केंद्रातील वरील वर्गाला मी जीवतंत्रज्ञानाच्या माझ्या विद्यार्थिनींसह पूर्ण शुल्क भरून बसले होते. माहितीपत्रकात ‘प्रोग्रामिंगची पूर्वओळख आवश्यक नाही’ असे ठळक छापलेले असल्यामुळेच आम्ही प्रवेश घेतला.

छापील टिपणांत बायोकंडक्टर (जनुकीय डेटासाठीचा ‘आर’मधील साधनसंच) बसवण्यासाठी ‘बायोकलाइट’ ही आज्ञा दिली आहे. २०१८ मधील ३.८ आवृत्तीपासून तिची जागा ‘बायोकमॅनेजर’ने घेतलेली असल्याने लॅपटॉपवर लाल अक्षरांत त्रुटी उमटत राहिल्या आणि ‘तुमचे नेट स्लो आहे’ असे सांगून प्रशिक्षकांनी वेळ मारून नेली.

जुनी टिपणे एक वेळ चालवून घेता येतील. चुकीची पद्धत मात्र चालवून घेता येणार नाही. कोणत्या जनुकांची सक्रियता बदलली हे शोधणाऱ्या ‘डीईसेक-२’ या बायोकंडक्टरमधील साधनाला प्रत्येक जनुकावर जुळलेल्या रीड्सची (यंत्राने वाचलेल्या आरएनए तुकड्यांची) कच्ची, पूर्णांकातील मोजणी लागते, कारण नमुन्यानमुन्यांतील एकूण रीड्सचा फरक ते स्वतःच हिशेबात घेते. प्रशिक्षकांनी मात्र जनुकाची लांबी व एकूण रीड्स यांनुसार आधीच प्रमाणित केलेले ‘एफपीकेएम’ आकडे भरले आणि आकडे पूर्णांकी नसल्याची त्रुटी येताच ते ‘राउंड’ करून पुढे रेटले. त्यानंतर ०.०५ पेक्षा कमी पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने किमान इतका फरक दिसण्याची शक्यता) असलेली सगळी जनुके ‘महत्त्वाची’ म्हणून उतरवून घ्यायला सांगितली. सुमारे २०,००० जनुके तपासली, तर कुठेही खरा फरक नसतानासुद्धा निव्वळ योगायोगाने १,००० च्या आसपास जनुके त्या रेषेखाली येतात. म्हणूनच बेंजामिनी व हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली, अनेक चाचण्या एकदम करताना लागणारी पी-मूल्यांची दुरुस्ती वापरतात. तिचे आकडे त्याच तक्त्यातील ‘पीएडीजे’ या शेवटच्या स्तंभात पडद्यावर दिसत होते. त्याबद्दल विचारले असता ‘तो अ‍ॅडव्हान्स कोर्सचा भाग आहे’ असे उत्तर मिळाले (त्या कोर्सचे शुल्क सांगायला मात्र ते विसरले नाहीत). अशा यादीवर विसंबून एखादीने प्रबंधासाठी प्राइमर (निवडलेली जनुके प्रयोगशाळेत तपासायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले, तर पैसा आणि सत्र दोन्ही वाया जाईल.

‘आर’ आणि बायोकंडक्टर दोन्ही मोफत मिळतात. आम्ही शुल्क भरले ते शिकवण्याचे. तरी कच्च्या मोजणीपासून दुरुस्त पी-मूल्यापर्यंतचा भाग जाणकार प्रशिक्षकाकडून विनाशुल्क पुन्हा घ्यावा, अन्यथा शुल्क परत करावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल.

सोबत पावत्यांच्या व टिपणांच्या छायाप्रती जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, नागपूर