कॅमेरा आहे, चालवणारा नाही

अमेरिकेत केबल टीव्हीचे परवाने शहरांकडून राज्यांच्या हाती गेल्याने ग्राहकांचे भले झाले, हे आपल्या रविवारच्या अंकातील लेखाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. टेक्सासने २००५ मध्ये आणि आमच्या कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये असे कायदे केले. नव्या कंपन्यांची वाट सोपी झाली, हे मान्य. पण पूर्वी नगर परिषद कंपनीशी घासाघीस करून लोकांसाठी स्टुडिओ, स्थानिक वाहिनी असे काही पदरात पाडून घेई. ती ताकद गेली. लॉस एंजेलिसमध्ये केबल कंपनी चालवत असलेले लोकवाहिनीचे (म्हणजे सामान्य नागरिकांना स्वतःचे कार्यक्रम करू देणाऱ्या वाहिनीचे) स्टुडिओ २००९ च्या तोंडावर बंद झाले, ते याच कायद्यानंतर.

शहराला कंपनीच्या उत्पन्नातून ५ टक्क्यांपर्यंत शुल्क मिळते, शिवाय स्थानिक वाहिन्यांसाठी साधारण १ टक्का. गंमत अशी, की केंद्रीय कायद्यामुळे हा टक्का यंत्रसामग्रीवरच खर्चावा लागतो; कॅमेरा घ्या, तो चालवणाऱ्याला पगार मात्र देऊ नका! निदान ही अट तरी काढावी, म्हणजे स्थानिक वाहिनीवर नगर परिषदेच्या सभा घरबसल्या पाहणाऱ्या आमच्यासारख्या ज्येष्ठांची सोय टिकेल.

– एक वाचक, सॅन होजे (कॅलिफोर्निया)