पिवळ्या उघडला तेव्हा

प्रिय दिन्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसला असतास आणि माझं सांगायचं राहून गेलं असतं, म्हणून लिहितो. दिवाळीपासून तुझे तीन मिस्ड कॉल पडून आहेत, त्याचीही लाज आहेच. इकडे सगळं ठीक. बाबांची शुगर आहे तशीच. आईचे गुडघे फक्त जिना चढताना दुखतात, आणि आपल्या घराला जिना नाही.

तर, मी पिवळ्या उघडला.

तोच बे, आपल्या दोघांचा गेमबॉय कलर, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. दुसरा कोणता असणार? पोरीनं ट्रंक उपसली आणि हा बाहेर आला. सेल टाकले तर चालू! १९९८ सालचं मॉडेल, आपल्याकडे आलं तेव्हाच सेकंडहँड, आणि अजून टिंग करतो. पण कव्हरचा जीव गेलेला. खालचा कोपरा तुटलेला, आतला स्क्रूचा खांब चिरलेला, हातात घेतला की कुरकुरायचा. बटणांच्या बाजूचा पिवळा रंग घासून घासून पांढुरका, गुळगुळीत. मागचं स्टिकर पार कोरं. पोरीच्या तळहाताला ती तुटकी कड लागली, तेव्हा ठरवलं की कव्हर बदलायचं. नवं ऑनलाइन मागवलं. डिलिव्हरीवाला गावात येत नाही, वरूडला बोलावतो. तिथं जाऊन आणलं आणि संत्र्याच्या क्रेटवर ठेवून घरी आलो. रंग पिवळाच घेतला. दुकानात आरपार दिसणारा जांभळाही होता, पण तू शिव्या दिल्या असत्यास.

बाहेरचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांचे. आपला पेचकस त्यांना लागतच नाही. आठवतं, तू गरम केलेलं पेनचं टोक दाबून फिरवलं होतंस आणि पेन तिथंच चिकटला होता? त्याचा निळा डाग एका स्क्रूवर अजून आहे. या वेळी योग्य पेचकस कव्हरसोबतच आला. मागची बाजू निघाली की आत तीन साधे स्क्रू. मग स्क्रीनची ती चपटी पट्टी. मोबाइलवाला तिला स्ट्रिप म्हणतो. तिच्या लॉकचे दोन कान मिलिमीटरभर वर करायचे. जास्त ओढलं तर तुटतात, आणि तुटले की खेळ संपला. माझे हात थरथरत होते. पोरगी टॉर्च धरून विचारते, "बाबा, तुम्ही श्वास काऊन नाही घेऊन राह्यले?"

आणि तिथं मला ते दिसलं.

तान्हा पोळा आठव. नाल्याच्या धुऱ्यावरनं तू धावत आलास, पिवळ्या चिखलानं भरलेला आणि बंद. मी सगळ्या पोट्ट्यांसमोर ओरडलो, "दिन्यानं नाल्यात बुडवला!" तू म्हणत होतास, "पडला बे, पण काठावर. पाण्यात नाही." मी ऐकलं नाही. मग तू सेलचं झाकण उचकटलंस, खिशात घातलंस आणि चालता झालास. त्यानंतर दहावीपर्यंत मी मागे रबर बांधून खेळलो, आणि तुझं-माझं बोलणं क्रिकेटच्या टीमपुरतं उरलं.

दिन्या, आत पाणी गेलंच नव्हतं. बोर्ड स्वच्छ आहे. गाळाचा कण नाही, आतल्या स्क्रूंना गंज नाही. फक्त सेलच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरं साचलंय आणि तिथून बोर्डाच्या कडेपर्यंत एक ओघळ गेलाय. साध्या सेलचं बाहेरचं भांडंच जस्ताचं असतं. वापरता वापरता तेच झिजतं आणि एक दिवस आतला रस बाहेर येतो. आता सांग, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बाबांच्या भीतीनं सेलसकट पिवळ्या ट्रंकेत कोणी कोंबला होता? पोळ्यापर्यंत सगळा पावसाळा तो तिथंच होता. सकाळी काढला तेव्हाच दोनदा लुकलुकून बंद पडला होता. मला आठवतंय. मी कोणालाच सांगितलं नाही.

आणि खरं सांगू? त्यानंतर रेडिओ रिपेअरवाल्यानं सेलच्या खणात चाकूनं खरवडलं आणि तो चालू झाला. काय खराब होतं, ते मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कळलं असतं ना, लेका. पाणी गेलेलं यंत्र चाकूनं दुरुस्त होत नाही, एवढी अक्कल तेव्हाही होती मला.

पत्र्या काडीला कापूस गुंडाळून आयपीएनं, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलनं, पुसल्या. जुन्या कव्हरमधली एक पत्री काढून नव्यात बसवावी लागते, ती सोबत येत नाही. हे कळेपर्यंत सगळं पुन्हा खोललं. नव्या प्लास्टिकमध्ये स्क्रू स्वतःच आटे पाडतात. पहिल्यांदा जड जातं, आणि जोर लावला की खांब चिरतो. बटणं अजून कडक आहेत. काचेखाली कापसाचा एक तंतू अडकलाय. दोनदा उघडून फुंकला, तरी तिथंच. आता असू दे म्हटलं, कापसाच्या मुलखातलं यंत्र आहे.

चालतो मस्त. स्क्रीनला आतून उजेड नाहीच, म्हणून पोरगी ओसरीवर उन्हाकडे पाठ करून बसते. आपण मळ्यात बसायचो तशीच. भारनियमनात तू कंदील आणायचास आणि मी तुला उजेड अडवतोस म्हणून शिव्या द्यायचो. त्याबद्दल मात्र माफी नाही, तू खरंच अडवायचास.

जुनं कव्हर फेकलेलं नाही. कर्कटकानं कोरलेला माझा प आणि तुझा द दोन्ही आहेत. तुझा द मोठा आहे, हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. रंग सर्वांत जास्त तुझ्या अंगठ्याखालचा गेलाय. पैसे अर्धे अर्धे दिले होते, खेळलास मात्र तू जास्त. हा हिशेब आता मांडत नाही.

काकूंच्या वेळी आलो तेव्हा हे बोलायचं होतं, पण त्या दिवशी कोण काय बोलणार. तुझी चाकणची कंपनी कशी आहे? शिफ्ट बदलली का? वहिनींना नमस्कार, धाकट्याला आता दात आले असतील. एप्रिलमध्ये येणार असशील तर मृग बहाराची थोडी संत्री झाडावर ठेवतो, पण आधी सांग. व्यापारी वाट पाहत नाही.

नव्या कव्हरला नवं झाकण आलंय, ते घट्ट बसतं. तरी ते जुनं तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. आणि नाल्यात फेकलं असशील, तर तेही सांग.

तुझा,
पक्या