पक्षिगृहातील पाटीवर पक्ष्याची हकिकत हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की प्राणिसंग्रहालयांत किती गर्दी झाली आणि नवे पक्षिगृह केव्हा खुले होणार, याच्या बातम्या आवर्जून छापून येतात. परंतु तेथील पक्षी मुळात जाळीआड का आहे, याविषयी पाहणाऱ्याला काय सांगितले जाते, याची चर्चा मात्र होत नाही. म्हणून हे पत्र.

माझी पुतणी फिलिपिन्समधील दावाओ येथे वैद्यकीय शिक्षण घेते. महाराष्ट्रातील बरीच मुले तेथे शिकत असल्यामुळे हे शहर आता आपल्याकडच्या पालकांना अनोळखी राहिलेले नाही. तिला भेटायला गेलो असता शहराबाहेर मालागोस येथील फिलिपीन गरुड केंद्र पाहण्याचा योग आला. फिलिपीन गरुड हा त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी. एक मीटरच्या आसपास लांबी, पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर आणि नजर निळसर करडी. आम्ही जाळीजवळ जाताच त्याने डोक्यामागची लांब पिसे आयाळीसारखी फुलवली, मान पार तिरकी केली आणि आम्हालाच निरखायला सुरुवात केली. जगात या गरुडाच्या सुमारे ४०० जोड्याच उरल्या असल्याचा अंदाज आहे. हा गरुड फिलिपिन्सच्या चार बेटांवरच आढळतो आणि एक जोडी साधारणपणे दोन वर्षांतून एकच पिल्लू वाढवते. त्यामुळे एक गरुड बंदुकीला बळी पडला, तरी ती हानी भरून यायला वर्षे जातात.

तेथे मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे की, केंद्रातील माणसे प्रत्येक गरुडाची हकिकत सांगतात. कोणाच्या अंगात छरे घुसले होते, कोण फासात सापडला होता, कोणाला पुन्हा जंगलात सोडता येणार नाही आणि का, हे ती सांगतात आणि अपयशही लपवत नाहीत. १५ जानेवारी १९९२ रोजी कृत्रिम रेतनातून जन्मलेला ‘पागासा’ हा बंदिवासात जन्मलेला पहिला फिलिपीन गरुड. माणसाच्या हाताखाली वाढल्यामुळे तो मादीऐवजी सांभाळणाऱ्या माणसालाच जोडीदार मानू लागला. ‘काबायान’ हा केंद्रात वाढलेला गरुड २००४ मध्ये जंगलात सोडला गेला आणि काही महिन्यांतच विजेचा धक्का बसून मेला. हे ऐकताना मला आपला माळढोक आठवला, कारण वीजतारांना धडकून होणाऱ्या त्याच्या मृत्यूंचा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

परतल्यावर आपल्याकडील एका पक्षिगृहात मुलांना घेऊन गेलो. जाळीवरच्या पाटीवर पक्ष्याचे नाव, शास्त्रीय नाव आणि आहार, एवढीच माहिती होती. एका फांदीवर पंख लोंबकळणारी घार बसली होती. ती तेथे कशी आली, हे सांगायला जवळपास कोणी नव्हते आणि समोरची मुले तिला उडवण्यासाठी टाळ्या वाजवत होती. संक्रांतीच्या आगेमागे मांजाने पंख कापलेल्या कितीतरी घारी आणि घुबडे उपचार केंद्रांत येतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली असूनही हे थांबलेले नाही. अशा एखाद्या घारीच्या पिंजऱ्यावर तिची हकिकत चार ओळींत लिहिली, तर पतंग उडवणाऱ्या मुलावर तिचा जो परिणाम होईल, तो बंदीच्या परिपत्रकाने होणार नाही, असे मला मनापासून वाटते.

सांगण्याजोगे काम आपल्याकडे नाही, असेही नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, त्या जनावरांची मृत शरीरे खाणारी गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तेथील वनविभाग यांनी वाढवलेल्या गिधाडांपैकी २० गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आणण्यात आली : लांब चोचीची १० ताडोब्यात आणि पांढऱ्या पाठीची १० पेंचमध्ये. सोडण्याआधी नव्या परिसराची सवय व्हावी म्हणून ती तेथील मोठ्या जाळीघरांत ठेवली होती. चंद्रपूर-नागपूरबाहेरच्या किती शाळकरी मुलांना हे ठाऊक आहे?

माझी वनविभागाला आणि प्राणिसंग्रहालये चालवणाऱ्या महापालिकांना विनंती आहे की, जखमी अवस्थेत आलेल्या प्रत्येक शिकारी पक्ष्याच्या पिंजऱ्यावर तो कोठून आला, त्याला काय झाले आणि त्याला परत सोडता येईल की नाही, हे मराठीत ठळक लिहावे. सुट्टीच्या दिवशी तेथे माहिती देणारा एक माणूस नेमावा. पक्षिमित्र संस्थांचे कार्यकर्ते हे काम आनंदाने करतील. टाळ्या वाजवणाऱ्यांना आणि जाळी हलवणाऱ्यांना रोखण्याचे कामही त्यालाच करता येईल. यासाठी फार मोठा निधी लागणार नाही, आणि पाट्यांचे काम तर येत्या संक्रांतीपूर्वीही होऊ शकेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर