कार घ्यायच्या आधी एसटीने फिरून बघ

अमळनेर

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, जळगावात स्वतःच्या वाहनाशिवाय भागत नाही, हप्त्यांवर छोटी कार बघून ठेवली आहे. बाबा शेजारीच बसले होते, म्हणून मी तेव्हा फार बोलले नाही. आता सविस्तर लिहिते.

कारपेक्षा मला जास्त लागलं ते तू नंतर सहज बोललीस ते. "तसंही आठवडाभर मी खाली उतरलेलीच नाही." कंपनी पुण्यात, खोली जळगावात, डबा दारात, मीटिंग लॅपटॉपवर. अशी मुलगी कार घेऊन जाणार कुठे? ती खाली पार्किंगमध्ये धूळ खाईल आणि हप्ता मात्र दर महिन्याला कापला जाईल. आधी बाहेर पडायची सवय लाव. त्यासाठी एसटी, रेल्वे आणि शेअर रिक्षा पुरतात.

तुझ्याकडे जे आहे ते आमच्याकडे कधीच नव्हतं. तुला वेळ निवडता येते. मी अमळनेर–जळगाव अपडाऊन करत होते तेव्हा सुरत लाइन एकेरी होती. धरणगावला नाहीतर पाळधीला गाडी क्रॉसिंगला उभी राहिली, की समोरची मालगाडी निघून जाईपर्यंत जीव टांगणीला. शाळेत पोहोचेपर्यंत मस्टर मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेलेलं असायचं. आता तोच मार्ग, सुरतजवळच्या उधन्यापासून जळगावपर्यंत, दुहेरी झाला, वरून विजेची तारही आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्याला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. तरी सकाळची गर्दी आहेच. एसटीतही सकाळी शाळा-कॉलेजची मुलं खच्चून भरलेली असतात. अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासवर बारावीपर्यंतच्या मुली फुकट शिकायला जातात, त्यांना जागा मिळू दे. तू अकरा-साडेअकराला निघ, खिडकी मिळेल. फक्त एप्रिल-मे मध्ये हे उलटं कर. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी बसचा पत्रा तव्यासारखा तापतो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत जा आणि ऊन उतरल्यावर परत ये.

आता पैशांचं. तू पासबद्दल विचारलं होतंस. एसटीचा मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस फिरायचं. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला, म्हणजे सगळ्या महिलांना, अर्धं तिकीट आहे. तू महिन्याचे तीसही दिवस अर्ध्या तिकिटावर गेलीस तरी पंधरा दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढेच पैसे होतात. मग पास कशाला? आणि तू तर महिन्यातून चार-सहा वेळा जाणार. साधी असो की शिवशाही, सवलत दोन्हीला आहे, राज्याच्या हद्दीपर्यंत. कंडक्टरच्या मशीनमधून तिकीट आलं की लगेच वाचून बघ. अर्धं लागलं नसेल तर तिथल्या तिथे सांग, उतरल्यावर सांगून उपयोग नसतो.

रेल्वेला ही सवलत नाही, पण पॅसेंजरचं किमान भाडंच १० रुपये आहे. भुसावळला मावशीकडे जायला तेच बरं. मोबाइलवर जनरलचं तिकीट काढणार असशील तर घरूनच काढून निघ. स्टेशनच्या हद्दीत शिरल्यावर ते निघत नाही, मग तिथे लावलेला क्यूआर कोड शोधत बसावं लागतं. काढल्यापासून तीन तासांच्या आत प्रवास सुरू करायचा असतो, म्हणून फार आधीही काढू नको. पॅसेंजरच्या तिकिटावर मेल-एक्सप्रेसमध्ये चढू नको, दंड होतो.

जळगावात अंतर्गत फिरणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. तिथे पुण्यातल्या पीएमपीसारखी शहर बस नाही. स्टेशन, टॉवर चौक, अजिंठा चौफुली या बाजूंना शेअर रिक्षा मिळते; बसण्याआधी भाडं विचार, आणि रात्री एकटी असशील तर शेअरमध्ये बसू नको, सरळ अख्खी रिक्षा कर. तेवढे पैसे कारच्या हप्त्यापुढे काहीच नाहीत. विद्यापीठाकडे जायचं असेल तर एरंडोलकडची साधी एसटी धर. जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, ते तू अजून पाहिलेलं नाहीस. मेहरूण तलावावर संध्याकाळी नुसती चालायला गेलीस तरी मला समाधान वाटेल.

एक मात्र पाळ. मीटिंग असेल त्या वेळी गाडीत बसू नको. मधल्या पट्ट्यात नेटवर्क तुटतं, मग तुझाही जीव कासावीस आणि साहेबाचाही. काम आटोप, लॅपटॉप बंद कर आणि मग नीघ.

दर महिन्याला पुण्याच्या ऑफिसला जावं लागतं, त्याचं गणित वेगळं आहे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ऑफिसकडून तारखा आधी मागून घे आणि महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा आझाद हिंदचं तिकीट आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढून ठेव. ऐन वेळी तत्काळच्या मागे लागून तू किती वैतागतेस, ते मी बघितलंय. पुणे स्टेशनला उतरलीस की तिथूनच मेट्रो आहे. वनाज–रामवाडी मार्गावर कल्याणीनगर येतं आणि तुझं ऑफिसही तिथेच. मग स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस कशाला?

हे सगळं मी पैसे वाचावेत म्हणूनच लिहीत नाहीये. आमच्या लेडीज डब्यात आम्ही मेथी निवडायचो, पेपर तपासायचो, भिशीचे पैसे जमवायचो. तुझ्या धाकट्या मावशीचं स्थळ त्याच डब्यात कळलं. एखादी दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या घरी जाऊन यायचं. तुझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात, असं तूच सांगतेस. तुला ताप आला तर त्यांना कसं कळेल? एसटीत शेजारची म्हातारी "बठ व माय आठे" म्हणत सरकून जागा देते, कुठली, कोणाची ते विचारते. तुला ते कधीकधी नकोसं होतं, ठाऊक आहे मला. पण दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माझ्या मुलीशी कोणीतरी असं समोरासमोर बोलावं, असं मला फार वाटतं.

कारसाठी भरायची रक्कम अजून दिली नसशील तर निदान दिवाळीपर्यंत थांब. तोवर फिरून बघ. तरीही कार हवीच वाटली तर बाबा आणि मी दोघं तुझ्याबरोबर शोरूमला येऊ, आनंदाने.

या शनिवारी येणार असशील तर शुक्रवारी रात्रीच कळव. बाबा बाजारातून भरताची वांगी आणि हिरव्या मिरच्या आणतील. कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय. रविवारी दुपारची गाडी पकडू नको, सोमवारी पहाटेची घे. दहाला काम सुरू करायचं असलं तरी त्याआधी आरामात पोहोचशील.

तुझी,
आई